उकळत्या पाण्याने धुतलेले दगड

४ मार्च

मासेवाल्याने बजावलंय, रोज काहीतरी लिहून ठेवा. खारटपणा किती, पाणी किती गरम, काय घातलं, काय काढलं. मी मनात म्हटलं, बाबा, अख्खी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, मला लिहून ठेवायला शिकवू नकोस. तर ही वही माशांच्या टँकची.

टँक लेकीने पाठवला. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन दोन महिने होत आले. डॉक्टर म्हणतात हृदय ठणठणीत आहे, आता बाहेर पडायला हवं, कामाला लागायला हवं, नाहीतर हा माणूस जन्मभर पेशंट होऊन बसेल. आणि आमचे हे इमारतीच्या दारापलीकडे जायला तयार नाहीत. ज्या माणसाने उभा जन्म नाटकांचे दिवे लावले, शिडीवर लटकून चहा प्यायला, तो आता खिडकीतून खाली बघतो आणि "गर्दी फार आहे" म्हणतो. खाली दोन माणसं आणि एक सायकल असते. लेक म्हणाली, आई, निदान घरात बघायला काहीतरी जिवंत असू दे. मी काय मेलेय का, असं विचारणार होते, पण गिळलं.

आज नुसतं मीठ कालवलेलं पाणी, पांढरी वाळू आणि समुद्रातले भोकाभोकांचे दगड. मासे तीन आठवड्यांनी. आधी म्हणे चांगले जंतू वाढू द्यायचे. जन्मभर जंतू मारायचा पगार घेतला, आता पैसे मोजून वाढवायचे. हे टँकसमोर उभे राहून म्हणाले, "सेट लागला. नट कुठेत?" बऱ्याच दिवसांनी विनोद केला, बरं वाटलं.

दिव्याला टायमर आहे. मी आता निवृत्तीनंतर नर्सिंगच्या मुलींना शिकवून घरी येते त्या सुमाराला लागतो, रात्री झोपायच्या वेळी विझतो. मी नसताना ह्यांनी काय करायचं ते फ्रिजवर लिहून लावलंय: गोळ्या, जेवण, मग पडदे ओढून, दिवे बंद करून सक्तीची झोप. झोपेसारखं औषध नाही. हे मुकाट ऐकतात. पेशंट म्हणून माणूस उत्तम आहे.

१२ मार्च

वाळूवर तपकिरी पूड बसली आहे. काचेवरही. बोट फिरवलं तर रेघ उमटते. मला अशी लाज वाटली की जणू माझ्या ट्रॉलीवर कोणाला धूळ सापडली. पुसलं. संध्याकाळपर्यंत पुन्हा हजर.

मासेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, हेही शेवाळच, नव्या टँकला येतंच, आपोआप जातं. आपोआप गेलेली एकही गोष्ट मी आजवर पाहिलेली नाही. विचारलं, स्वच्छता ठेवता ना? मी म्हटलं, त्याबद्दल शंका घेऊ नका.

१४ मार्च

आज थोडी पूड बाटलीत भरून वर्गात नेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काय सांगू! होडीच्या आकाराच्या इवल्या इवल्या काचेच्या डब्या, प्रत्येकीवर बारीक नक्षी, आत सोनेरी ठिपके. काही चक्क हळूहळू सरकत होत्या, वल्ही नाहीत की काही नाही. मी हिला घाण म्हणत होते. मुली रांग लावून बघत होत्या आणि हात धुण्याचा धडा राहून गेला. माझ्या वर्गात असं पहिल्यांदाच झालं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, "काचेच्या? मग उजेड आरपार जात असेल. आतून पेटल्यासारख्या दिसत असतील." कितीतरी दिवसांनी ह्यांनी कशाबद्दल तरी विचार केला. पण घाण ती घाण. रविवारी बघतेच तिच्याकडे.

१७ मार्च, रविवार

कंबर कसली. निम्मे दगड काढून ब्रशने घासले आणि वरून उकळतं पाणी ओतलं. फिल्टरचा स्पंज तर कळकट झाला होता, नळाखाली गरम पाण्याने पिळून पिळून पांढराशुभ्र केला. चांगले जंतू पाण्यात राहतात, त्यांच्या पाण्याला मी धक्का लावला नाही. हे दारातून बघत होते. म्हणाले, "सिस्टर, त्यांना भूल दिली का?" अजूनही मला सिस्टर म्हणायची हौस आहे ह्यांना. टँक आरशासारखा झाला.

२५ मार्च

नट आले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, एक मोठा, एक छोटा. लाल पाठीवर पांढरी रेघ असलेली एक कोळंबी. आणि काच साफ करायला चार गोगलगाई.

मासेवाला सांगत होता, यातली मोठी ती मादी, छोटा तो नर. सगळा कारभार तिचा. तो जरा इकडेतिकडे गेला की ती त्याला ढोसत ढोसत कोपऱ्यात आणते. हे मोठ्याने हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, जखमेला ओढ बसू नये म्हणून छातीवर उशी दाबून धरून हसले. मोठीचं नाव तिथल्या तिथे सिस्टर ठेवलं. मला राग आला नाही असं नाही, पण ते हसणं ऐकून डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा राग पुढे ढकलला.

३० मार्च

घरी आले तर वाळूवर कोळंबी आडवी. पारदर्शक, पाय वर. म्हटलं, पहिला मृत्यू. जाळी आणायला वळले तर हे शांतपणे म्हणाले, "मेली नाही ती. कपडे बदललेत. दगडामागे लाजून बसलीय." आणि खरंच, नव्या कोऱ्या लाल अंगाने तिथे बसली होती. वाळूवर होती ती नुसती कात. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, अंदाज.

दुपारी कातीतून बाहेर पडते म्हणे ती, एकदम पाठीतून, कोट काढल्यासारखी. हेही अंदाजाने सांगितलं. नाटकवाल्यांची कल्पनाशक्ती दांडगी असते.

५ एप्रिल

तपकिरी गेलं, हिरवं आलं. दगडांना केस फुटलेत. पाण्याबरोबर डुलतात, दिसायला छान, ओढले तर हातात येतात आणि दोन दिवसांत पुन्हा तेवढेच. पुस्तकात बघितलं: उजेड जास्त, खाणं जास्त, नाहीतर पाण्यात सडकं काहीतरी. खाणं मी मोजून देते. राहिला उजेड. आज घरी आल्या आल्या टँकच्या झाकणाला हात लावला तर चांगलंच गरम लागलं, आणि दिवा लागून जेमतेम पाच मिनिटं झाली असतील. म्हणजे ऊन. खिडकीला जाड पडदा लावून टाकला.

संध्याकाळी ह्यांचा नाटकवाला मित्र आला होता. नवीन नाटक बसवतोय, दिवे तुझ्याशिवाय नको म्हणाला. हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, सिस्टरची परवानगी नाही. मी परवानगीचा विषयही काढला नव्हता. तरी मी चटकन म्हणाले, अजून थोडं थांबू या, शिड्यांचं काम आहे. मित्र गेला. डॉक्टरांचं ते जन्मभर पेशंटचं वाक्य मला आठवलं, पण घाई करून कोणाचं भलं झालंय? हे उठून टँकपाशी गेले आणि दोन्ही मासे धावत काचेशी आले. मी गेले तर लपतात. खाणं मी देते आणि ओळख ह्यांची.

११ एप्रिल

जाड पडद्याने काडीचा फरक पडला नाही. उलट शेवाळ जोमात.

आज एक धागादोरा सापडला. टायमरच्या बाजूला छोटं बटण आहे, ते "कायम चालू" कडे सरकलेलं होतं. माझाच कोपर लागला असणार. जागेवर केलं. स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूलही टँकपाशी आलंय, तेही मीच झाकण पुसायला नेलं असेन. वय झालं आता माझं. स्टूल जागच्या जागी ठेवलं.

हिरव्या केसांचा तुकडा वर्गात नेऊन पाहिला. एकापुढे एक लांबट खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या, प्रत्येकीत हिरवे गोळे. मधेच एक इवला किडा डब्यांवरून फिरत होता, तिकीट तपासनीसासारखा. हे जेवताना सगळं नीट ऐकतात. मग म्हणाले, "त्यांनाही उजेड हवाच असतो, नाही का?" म्हटलं, हवा असला तरी डॉक्टर मी आहे. तर म्हणाले, तू सिस्टर आहेस.

१४ एप्रिल, रविवार

आता अर्धवट काही नाही. सगळे दगड बाहेर, सगळ्यांवर उकळतं पाणी, ब्रश, पुन्हा उकळतं पाणी. वाळू उपसून धुतली. स्पंज नवा घातला. मासे बादलीत ठेवले होते तेव्हा हे बादलीजवळ बसून त्यांच्याशी बोलत होते. हात कोपरापर्यंत दुखतायत, पण एक हिरवा केस शिल्लक नाही. कोणत्याही ऑपरेशन थिएटरने बघून जावं.

१७ एप्रिल

वाईट दिवस. वाळूवर लालभडक सायीसारखं काहीतरी पसरलंय, त्यात बुडबुडे अडकलेत, वास येतो. आणि छोटा मासा वर तोंड करून धापा टाकतोय. मोठी त्याच्याभोवती नुसती फिरतेय, ढोसतसुद्धा नाही.

पाणी तपासलं, नळीतला रंग सांगत होता की पाण्यात माशांच्या घाणीचं विष साठलंय, बघून डोळे पांढरे व्हायची वेळ आली. मासेवाल्याने सांगितलं म्हणून ताबडतोब निम्मं पाणी बदललं. तो सारखा विचारत होता, नवीन काय केलंत? मी म्हटलं, काहीच नाही. दगड धुतले ते सांगावंसंही वाटलं नाही. सकाळी दात घासले हे कोणी फोनवर सांगतं का?

रात्रीपर्यंत छोटा जरा खाली उतरला. पण माझ्याने हे बघवत नाही. धापा टाकणारा जीव घरात मी एकदा पाहिलाय, आमच्याच पलंगावर, जानेवारीत. मी ठरवलं. मासेवाल्याला सांगितलं, रविवारी येऊन टँक, मासे, सगळं घेऊन जा. ह्यांना सांगितलं तेव्हा फक्त "बरं" म्हणाले. ताटात निम्मं जेवण तसंच राहिलं.

२० एप्रिल

हे सगळं सविस्तर लिहिते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटणार नाही.

वर्ग लवकर सुटला. दार उघडलं तर घर रिकामं. आधी न्हाणीघरात धावले, मग पलंगापलीकडे पाहिलं, जमिनीवर. नोकरीने लावलेली सवय, माणूस हरवला की मी आधी जमिनीवर शोधते. कुठेच नाहीत. चपला नाहीत. दुपारची गोळी डबीत तशीच. बेडरूममधली चादर सकाळी मी घातलेली, तिला एक सुरकुती नाही. आणि टँकचा दिवा चालू, समोर बुटकं स्टूल, त्यावर ह्यांचा चष्मा.

 जिन्यात धावले, परत वर आले, फोन घेतला, कोणाला लावायचा ते सुचेना. तेवढ्यात तोच वाजला. मासेवाला होता. म्हणाला, "बाई, घाबरू नका. तुमचे मिस्टर इथे बसलेत. चालत आलेत."

चालत. तीन गल्ल्या आणि मोठा रस्ता ओलांडून.

मी कशी पोचले ते आठवत नाही. हे पालथ्या बादलीवर बसले होते, घामाने भिजलेले, हातात पाण्याचा पेला. मी मनगट धरलं. नाडी धावत होती, पण तालात होती. जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं. चष्मा नाही, गोळी नाही, न सांगता, कोणी गाडीखाली घेतलं असतं म्हणजे. हे ऐकून घेत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "टँक परत करायचा नाही. एवढंच सांगायला आलो. शेवाळ माझ्यामुळे आलंय."

मग निघालं. मी सकाळी गेले की हे टँकचा दिवा लावतात आणि मी यायच्या आत बंद करायचा प्रयत्न करतात. रोज. पहिल्या आठवड्यापासून. दिवसभर स्टुलावर.

मासेवाला म्हणाला, एवढ्या उजेडाने हिरवं येणारच, पण मासा धापा टाकेल कशाला? मग माझ्याकडे वळून विचारलं, दगडांना काही केलंत का? मी ताठ मानेने सांगितलं, काही नाही, फक्त उकळत्या पाण्याने धुतले. तो बिचारा काउंटर धरून उभाच राहिला. म्हणाला, बाई, माशांच्या घाणीचं विष खाणारे ते चांगले जंतू दगडांतच राहतात. त्या भोकांत. स्पंजात. दर वेळी तुम्ही त्यांना मारलंत आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर आला. मग म्हणाला, एकाने उजेड दिला, एकाने राखणदार मारले, तुम्ही दोघांनी मिळून शेवाळाची शेती केलीत. हे हसायला लागले. मला हसू आलं नाही.

मी विचारलं, आता काय करू? तो म्हणाला, "काही करू नका. थोडं थोडं पाणी बदला आणि हात खिशात ठेवा." माझ्या कपड्यांना खिसे नाहीत, हे मी त्याला सांगितलं.

परत येताना रिक्षा करू म्हटलं तर हे नको म्हणाले. हळूहळू चाललो. मोठ्या रस्त्याला माझा दंड धरला. मी विचारलं, दुपारी झोपत का नाही तुम्ही? आधी रस्ता ओलांडला. मग, समोर बघतच, म्हणाले, "पडदे ओढून डोळे मिटले की मला तो दिवा दिसतो. ऑपरेशनच्या टेबलावरचा, गोल. तो दिसला आणि मग काहीच नाही. अगं, नाटकात मी अंधार करतो तेव्हा पुढचा दिवा कुठला लागणार ते मला माहीत असतं. तिथे माहीत नव्हतं."

मी म्हटलं, आणि रात्री?

"रात्री तू शेजारी घोरतेस. म्हणजे मी आहे, असं कळतं. दुपारी कोणी घोरत नाही."

मी घोरते हे मला कोणी कधी सांगितलेलं नाही. ते बाजूला ठेवून विचारलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तू फ्रिजवर आणखी एक गोळी लिहिली असतीस."

मला फार लागलं. कारण खरंच लिहिली असती.

२१ एप्रिल, रविवार

मासेवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. तो म्हणाला, माहीत आहे.

रात्रभर एकच विचार. तो गोल दिवा किती वेळा मी स्वतःच्या हाताने ओढून नेमका छातीवर आणलाय. सावली पडतेय का एवढंच बघायची. खालून तो कसा दिसतो हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही, आणि मला सगळ्या गोष्टींचं कुतूहल आहे असं मी समजत होते.

फ्रिजवरचा कागद काढला. गोळ्यांपुरता फाडून ठेवला, बाकीचा टाकला. खिडकीचा जाड पडदाही.

३ मे

लाल साय फाटायला लागली आहे. मी काही केलेलं नाही. हिरवे केस मागच्या काचेवर आहेत, ब्रश हाताशी आहे, आणि मी सकाळपासून तीनदा उठून तीनदा बसले. मुलींना रोज शिकवत आले, हात धुवा. हात आवरा हा धडाच नव्हता आमच्याकडे.

टायमर आता ह्यांच्या ताब्यात. जेवणानंतर लागतो, मी आले की थोड्या वेळाने विझतो. दुपारी हे टँकसमोर आरामखुर्चीत बसतात आणि तिथेच डोळा लागतो म्हणे. झोपेचं मी सांगत होतेच.

परवा त्या मित्राबरोबर नाट्यगृह नुसतं बघायला गेले. शिडी चढणार नाही असं वचन दिलं. मी मागितलं नव्हतं. म्हणजे, एकदाच मागितलं होतं.

१९ मे, रविवार

आज ह्यांची दिव्यांची पहिली तालीम. सकाळीच गेले. मी दुपारी स्टुलावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा टँककडे नुसतं बघितलं. गोगलगाय मागच्या काचेवरचं हिरवं खात जाते आणि मागे स्वच्छ वळणावळणाची वाट सोडते. दगडांवर जांभळट ठिपके आलेत, नवीनच काहीतरी. उपटायचे की ठेवायचे माहीत नाही, विचारायला हवं. मोठी मासोळी एक दगड तोंडाने घासूनपुसून काढत होती, आणि छोटा गुपचूप बाजूला थांबला होता. मला मोठीला काहीतरी सांगावंसं वाटलं.

तेवढ्यात ह्यांचा फोन. आवाज बारीक. म्हणाले, पहिल्या अंकाच्या शेवटी पूर्ण अंधार आहे. सगळे दिवे बंद. आत्ता करायचाय. "मी दुसऱ्या कोणाला बटण देऊ का असा विचार करत होतो."

म्हटलं, द्यायचं असेल तर द्या.

म्हणाले, "नको. तू फोन ठेवू नकोस, एवढंच."

मी ठेवला नाही. पलीकडे कोणीतरी "अंधार" असं ओरडलं आणि मग काहीच ऐकू येईना, ह्यांचा श्वाससुद्धा.  नाडी बघता येत नव्हती, गोळी देता येत नव्हती. मग मला एकच गोष्ट सुचली. फोन तोंडाजवळ धरला, डोळे मिटले आणि जोरात घोरले. घर रिकामं होतं म्हणून बरं. दोनदा, तीनदा, अगदी मनापासून.

पलीकडून हसू आलं, ओलं झालेलं. मग म्हणाले, "लागला गं दिवा."

गोळी घेतलीत का, असं मी विचारलं. एकदाच.